सोंड वर केलेली जहाजं

नंदुरबार,
वटपौर्णिमा तोंडावर, ऊन मात्र हटायला तयार नाही

माझा एकुलता एक भाचा चिरंजीव धीरज यास मामा चुनीलाल याचा पाया पडून नमस्कार.

तुमच्या पुण्यात भाचे मामाच्या पाया पडतात असं तू मागे सांगितलं होतंस. पडोत बापडे. आपल्या घरात मामाच भाच्याच्या पाया पडतो आणि भाच्याचा शब्द खाली पडू देत नाही, आणि या रीतीपायीच मी सध्या ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत आहे. तुझी आणि भाचेसून मयूरीची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. आमची विचारू नकोस. विचारलीसच तर कळवतो की माझे गुडघे, पोट आणि झोप सगळं व्यवस्थित आहे. ज्या एका अवयवाच्या जिवावर मी आयुष्यभर जेवलो, तेवढाच चालेनासा झाला आहे. म्हणून हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी मामी लिहिते आहे. फोनवर का नाही बोललो असं म्हणशील. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि मागे तुझी संगणकावरची टकटक चालू असते. शिवाय एवढं पार्सल पाठवायचं तर सोबत दोन शब्द हवेतच. (ते सांगतील तसंच लिहिते आहे, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही. मला बोलावंसं वाटेल तिथे कंस करीन. कंसातलं त्यांना वाचून दाखवणार नाही. — प्रमिलामामी)

आता सरळ मुद्द्यावर येतो. (येणार नाहीत.) तुला सगळं माहीत आहे, पण मयूरी घरात नवीन, तू तिला वाचून दाखवशील म्हणून सांगतो. नवनीतशेठच्या गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांचा माणूस. साचा एक जण भरतो, अंग दुसरा घासतो, रंगाचा फवारा कोणीही मारतो, पण डोळ्यांची आखणी चुनीलालच करणार. तापीकाठी माझ्या भावांनी केळी लावली, ऊस लावला, बंगले बांधले, आणि मी इकडे येऊन देवाचे डोळे काढत बसलो. तूही सुट्टीत माझ्या शेजारी बसायचास आणि मी ब्रश टेकवला की श्वास रोखून धरायचास. मी म्हणायचो, अरे श्वास मी रोखायचा असतो, तू घे. तर ज्या माणसाने तालुक्याच्या गणपतींना दृष्टी दिली, त्याचा डावा डोळा गेल्या पावसाळ्यात गेला. काचबिंदू. थेंब घातले, पथ्य पाळलं, एक ऑपरेशनही केलं. त्याने सगळी सेवा करून घेतली आणि मग गेला. उजव्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात हा साधा, काढला की दिसेल, फक्त आता थांबू नका, फार पिकला तर अवघड होईल. त्यांनी वटपौर्णिमेनंतरचा सोमवार दिला आहे आणि मी जाणार नाही म्हणून सांगितलं आहे. घरात यावरून अबोला झाला, पण ज्याला दिसत नाही त्याच्याशी अबोला धरून उपयोग नसतो, त्याला कळतच नाही. (दोन दिवस मी गप्प होते. यांनी विचारलं, गावाला गेली का?)

माझं म्हणणं एवढंच, की उजव्यात आज धुकं का होईना, आहे. त्या धुक्यात पिवळा पिवळा दिसतो, शेंदरी शेंदरी दिसतो, तुझी मामी दारात आली की तिच्या आकाराचं काहीतरी आलेलं दिसतं. (माझ्या आकाराचं म्हणजे काय, ते थांबून विचारलं. त्यांनी पुढचं वाक्य सांगायला घेतलं.) डाव्यालाही साधंच होईल म्हणाले होते. उद्या हे धुकंही हातचं गेलं तर मी बघू कुठे? मला भीती वाटते, धीरज. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, भावांना सांगितलं नाही. तुला सांगतो आहे, आणि लिहिणारीला नाइलाजाने ऐकावं लागतं आहे.

अशा दिवसांत तुझं पार्सल आलं. आपला शेजारी सुपडू, धडगाव गाडीवरचा ड्रायव्हर, तो स्टँडवरून घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "आप्पा, पुन्याथीन काय उनं हाई? हालाडं तर खुयखुय वाजी ऱ्हायनं!" खुळखुळ्यासारखं वाजत होतं खरं. उघडलं तर आत राखाडी प्लास्टिकची बोटभर लांबीची जहाजं आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढी माणसं. तुझी चिठ्ठी मामीने वाचली. तुम्ही मित्र मंडळी रविवारी टेबलावर निळं कापड अंथरून, त्यावर ही जहाजं मांडून, फासे टाकून ग्रीक आणि इराण्यांची जुनी लढाई खेळता. मी हे तीनदा वाचून घेतलं. नोकरीची, बायकोची माणसं, आणि कोण जिंकलं ते सगळ्या जगाला कधीचं माहीत! पण मग वाटलं, वाईट नाही. कोण बुडणार ते आधी ठाऊक असलेली लढाई मलाही चालली असती.

तर तू लिहिलंस की माणसं रंगवा, जहाजं रंगवा, आणि ग्रीक लोक जहाजाच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना डोळे काढत, म्हणजे जहाजाला वाट दिसे, तेव्हा ते डोळे दुसऱ्या कोणी काढायचे नाहीत, फक्त मामांनी. मला पक्का संशय आहे की हे डोकं तुझ्या आईचं. "चुनी रिकामा बसला की वाकडं बोलतो, त्याला काहीतरी चाळा दे." बहिणीला मी ओळखतो. परत पाठवणार होतो, पण भाच्याने पाठवलेली वस्तू परत करायची तर वरचे पूर्वज खाली उतरतील. ठेवून घेतली.

आधी माणसं घेतली. एकेक जण खराट्याच्या काडीला डिंकाने चिकटवला आणि काड्या बटाट्यात खोचल्या. रंग आपले कारखान्यातलेच. ग्रीकांना पितांबरी पिवळा, इराण्यांना मोरपंखी, अंगाला गणपतीचा गुलाबी. त्यामुळे दोन्हीकडचं सैन्य नुकतीच अंघोळ करून आरतीला उभं राहिल्यासारखं झालं आहे, ते तू चालवून घे. तोंडं मी काढली नाहीत, एवढ्या तोंडावर डोळा काढायला मुंगीचा हात हवा. वाळायला काड्यांवरून उतरवून गच्चीवर एका खाटेवर ठेवली. नेमक्या त्याच खाटेशेजारी तुझ्या मामीच्या ओल्या बिबड्या, मयूरीसाठी सांगतो, ज्वारीचे पापड, पसरलेल्या. दुपारी एक वावटळ आली आणि इराणचे तिरंदाज जागेवरून उडाले. मी खाली बसून गच्ची चाचपत फिरलो. ग्रीक सगळे सापडले. तिरंदाज काही सापडले, काही नाही. (मी म्हटलं होतं, खोलीत वाळवा. म्हणाले, खोलीत ऊन कुठलं. बिबड्या वाळल्यावर मी तशाच डब्यात भरल्या, भरताना पाहिल्या नाहीत, हे माझंही चुकलं.)

आता जहाजांचं ऐक, कारण सगळं घोडं तिथे अडलं. आमच्या धंद्यात डोळे सगळ्यांत शेवटी. अंग झालं, दागिने झाले, नखं झाली, मग डोळे, आणि डोळे उघडले की मूर्तीला पुन्हा ब्रश लावायचा नाही. तिच्यादेखत तिच्या अंगाला रंग चोपडणं बरं दिसत नाही. ही रीत मी कधी मोडली नाही, नवीन पोरांना यावरून शिव्या दिल्या आहेत. पण सैनिक रंगवता रंगवता माझं धुकं दाट होत चाललं होतं. पितांबरी कुठली आणि शेंदरी कुठला हे मामीला विचारावं लागू लागलं. मनात आलं, जहाजांची अंगं रंगवत डोळ्यांपर्यंत पोहोचेतो माझाच उजवा संपला तर? म्हणून जहाजं राखाडीच राहू दिली आणि डोळे आधी घेतले.

जहाज हातात घेऊन बोटांनी चाचपलं. एका टोकाला खाली एक बुटकी चोच, कशावर तरी आपटून वाकल्यासारखी. आणि दुसऱ्या टोकाला, काय सांगू तुला, झोकात वळण घेऊन वर उचललेली सोंड! बोट फिरलं आणि हाताला आपोआप कळलं की घर आलं. सोंडेच्या बुडाशी, इकडे एक, तिकडे एक, जिथे असायला हवेत तिथे डोळे. आधी पांढरा, मग वरची पापणी, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळावरचा तो ठिपका, ज्याने मूर्ती बघायला लागते. हात जरासुद्धा कापला नाही. अर्ध्यावर मी उजवा मिटूनच घेतला, उघडा ठेवून विशेष फरक पडत नव्हता. पहिलं जहाज झालं तेव्हा तुझ्या मामीच्या हातात दिलं. तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिने उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, छान. (म्हटलं खरं.) त्यानंतर मी थांबलो नाही. तू इराण्यांना डोळे नकोत म्हणाला होतास, मी त्यांनाही काढले. एवढ्या लांब परक्या समुद्रात त्यांना आंधळं पाठवायचं म्हणतोस? आंधळ्याचे हाल काय असतात ते मला येऊन विचार.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. माझ्या हाताला डोळा एकच येतो, गणपतीचा. शांत, लांबट, अर्धवट मिटलेला. त्यामुळे तुझं एकही जहाज युद्धाच्या तयारीत दिसत नाही. सगळी समोरच्याचं बरं व्हावं असं बघतात.

डोळे उघडल्यामुळे पुढची पंचाईत अशी, की जहाजं आता राखाडीच राहणार. रीत म्हणजे रीत. त्यात तुझ्या मामीला ती उपाशी ठेववेनात. फळीवर मांडून रोज गूळखोबऱ्याचा तुकडा ठेवू लागली. सुपडू सकाळी ड्यूटीवर जाताना चप्पल काढून फळीला हात जोडतो, म्हणतो, "आप्पा, घाटमा बरेक चांगला लागतंस तवयपाईन." म्हणजे तुझ्या ग्रीकांच्या कृपेने धडगावच्या घाटात एसटीचे ब्रेक लागतात. गुळाला मुंग्या आल्या आणि त्यांनी ग्रीकांचं आरमार चारी बाजूंनी वेढून टाकलं. इराण्यांना जे जमलं नाही ते माझ्या घरात मुंग्यांनी केलं. (फळीखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून. जहाजांखाली शेवटी पाणी आलंच.)

मग नवनीतशेठ आले. हंगामाचं विचारायला आले होते, औंदा सुरतकडचं काम जास्त आहे म्हणे. मामीने चहा आणि तळलेली बिबडी दिली. शेठनी घास घेतला आणि कडकन आवाज आला. तोंडातून हळूच काहीतरी काढून तळहातावर धरलं आणि मला म्हणाले, "चुनीभाऊ, हाऊ कोन शे?" मी म्हटलं, इराणी असेल. शेठनी जिभेने दात मोजून घेतले असावेत, त्यांचा दातांवर मोठा खर्च झालेला आहे. विषय बदलावा म्हणून मी मामीला जहाजं आणायला सांगितली. शेठनी एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं असावं, कारण बराच वेळ खुर्ची करकरली नाही. मग म्हणाले, "झकास शे, चुनीभाऊ. डोया तर तुन्हाच." आणि चहा अर्धा ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर निरोप आला की यंदा तुम्ही खुर्चीवर निवांत बसा, डोळे पोरं काढतील, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. झकास म्हणणारा माणूस असा निरोप का पाठवतो, यावर मी पुष्कळ विचार केला आणि शेठना माझ्या गुडघ्यांची काळजी वाटत असावी असं ठरवलं. पण लक्ष ठेवा म्हणजे काय? लक्ष कशाने ठेवायचं? त्या दिवशी मी जेवलो नाही. (जेवले नाहीत. सोंड चाचपत बसले होते.)

तेव्हा आता मूळ गोष्ट. मी तुझ्या मामीशी करार केला आहे. जहाजांचे डोळे बरोबर आले असतील तर उजव्यात अजून दम आहे, त्याला चाकू लावायचा नाही, मी शेठकडे जाऊन माझी जागा मागणार आणि सोमवारी घरातून हलणार नाही. चुकले असतील तर निमूटपणे गाडीत जाऊन बसेन, तोंडातून शब्द काढणार नाही. निकाल भाचा देईल. मामी छान म्हणते, पण ती बायको आहे. शेठ झकास म्हणतात, ते शेठ आहेत. सुपडू हात जोडतो, तो मैलाच्या दगडालाही जोडतो. ज्याने माझ्या शेजारी बसून श्वास रोखला तो एकच माणूस खरं सांगू शकतो, आणि त्याचा शब्द मला मोडता येत नाही. पार्सल आज ट्रॅव्हल्सच्या गाडीने निघतं आहे. उघडशील तेव्हा प्रत्येक जहाजाच्या तोंडावर फडकं दिसेल. उघड्या डोळ्यांनी खोक्यात कोंबणं जिवावर आलं, म्हणून मामीने ब्लाउजपीस कापून तेवढे रुमाल शिवले आहेत. टेबलावर मांडल्यावरच ते काढ. रविवारपर्यंत फोन कर.

मयूरीला सांग, आंबे संपत आले, यंदाही आली नाहीस. तुझ्या आईला माझा राग सांग. तुम्हा दोघांना उदंड आयुष्य आणि शेवटपर्यंत नजर लाभो. कळावे, लोभ आहेच, पाया पुन्हा एकदा पडतो.

तुझा मामा,
चुनीलाल

ता. क. सोबत बिबड्यांचा डबा पाठवला आहे. तळण्याआधी एकेक उजेडात धरून बघ. इराणचे सगळे तिरंदाज अजून हजर झालेले नाहीत.

ता. क. दुसरा. मयूरीला सांग, जहाजांना रोज गूळखोबरं दाखवायची गरज नाही, अमावास्या पौर्णिमेला पुरे. मुंग्या पुण्यातही असतील.

ता. क. तिसरा, आणि हा मामीला आवडत नसताना लिहायला लावतो आहे. वर मी खरं सांग म्हटलं ते रीतीप्रमाणे म्हटलं. खरं म्हणजे तू 'छान' म्हणावंस अशी माझी फार इच्छा आहे. थोडंफार इकडे तिकडे झालं असलं तरी म्हण. एका शब्दाचं काम आहे. हे पत्र त्यासाठीच.

धीरज, आता ते ओट्यावर सुपडूशी बोलत बसलेत, म्हणून हे कंसाशिवाय लिहिते. खोक्यावर छापलेलं चित्र मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. जहाजाचं पुढचं टोक म्हणजे ती चोच. तिने दुसऱ्याच्या जहाजाला भोक पाडतात. ते ज्याला सोंड म्हणतात ती शेपटी आहे. तुझ्या मामांनी सगळ्या जहाजांचे डोळे शेपटीकडे काढलेत. भालेवाले सैनिक वर उभे केले तर ते पुढे बघतात आणि जहाज मागे बघतं. शेठच्या ते लगेच लक्षात आलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पण डोळे बघ धीरज. पापणी बघ, तो ठिपका बघ. तुझ्या लहानपणी काढायचे तसेच आहेत, एकही हललेला नाही. पहिलं जहाज माझ्या हातात दिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू होतं, म्हणून छान म्हटलं. ते खोटंही नव्हतं. मग दुसऱ्यालाही म्हटलं, तिसऱ्यालाही म्हटलं, आणि आता माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. मी सांगितलं तर म्हणतील, मला गाडीत घालायला बोलते. तू सांगितलंस तर बसतील.

तिसरा ता. क. मी त्यांनी सांगितला तसाच लिहिला, कारण एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही म्हटलं होतं. पण तू तो ऐकू नको. फोनवर एवढंच म्हण, मामा, डोळे मागे आलेत. बाकी काही म्हणू नको, वाटलं तर रडू दे त्यांना. आणि त्या डोळ्यांवर रंग मारू नको. जहाजं तशीच मांड आणि उलटी चालव. हरलास तर हर.

सोमवारची गाडी मी सांगून ठेवली आहे. सुपडूने रजा टाकली आहे.